अमेरिकेची राज्यघटना : सत्तेवर अंकुश

प्रश्न : अमेरिकेची राज्यघटना का लिहावी लागली? तिची मूळ तत्त्वे कोणती?

उत्तर : स्वातंत्र्ययुद्धानंतर १३ राज्यांचा कारभार १७८१ मध्ये अमलात आलेल्या करारावर चालत होता. त्यात मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचा अधिकारच नव्हता. सैनिकांचे पगारही थकले. मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी बंड केले, तेव्हा अनेकांचे डोळे उघडले. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधींनी बंद दाराआड नव्या राज्यघटनेवर खल केला. मोठ्या राज्यांना लोकसंख्येनुसार जागा हव्या होत्या, लहानांना समान. तोडगा निघाला : प्रतिनिधिगृहात लोकसंख्येनुसार, सिनेटमध्ये प्रत्येकी दोन.

लोकांचे सार्वभौमत्व, संघराज्य, सत्ताविभाजन आणि परस्परांवर अंकुश, ही या राज्यघटनेची मूळ तत्त्वे. राष्ट्राध्यक्षाने नाकारलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा मंजूर केले, तर त्याचा कायदा होतोच. नागरिकांचे हक्क १७९१ मध्ये पहिल्या १० दुरुस्त्यांनी जोडले गेले.

मात्र याच घटनेने जागावाटपासाठी गुलामांची गणती तीन पंचमांश धरली, हा कलंक विसरता येत नाही. गुलामगिरीवर बंदी आली ती यादवी युद्धानंतर, १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीने. त्यामुळे ही घटना अभ्यासताना मूळ मसुद्याइतक्याच दुरुस्त्याही बारकाईने वाचाव्यात.