मागच्या शॉकअपमध्ये हवा किती?

प्रश्न : मी २०१२ची जुनी हार्ले-डेव्हिडसन टूरिंग गाडी घेतली आहे. मागच्या शॉकअपमध्ये हवा भरायचा व्हॉल्व्ह आहे. एकटा असलो की गाडी मस्त चालते. पत्नी डबलसीट आणि दोन्ही बॅगा भरलेल्या असल्या, की रेवदंडा-मुरुड रस्त्यावरच्या गतिरोधकांना गाडी खालून घासते. पंक्चरवाल्याकडून ४० पौंड हवा भरून घेऊ का? मित्राच्या पल्सरच्या शॉकअपमध्येही गॅस आहे, पण त्याला कधीच भरावी लागत नाही. असं का?
– एक वाचक, रोहा

उत्तर : ४० अजिबात नको, आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसरही नको. तुमच्या शॉकअपची कमाल मर्यादा ३५ पीएसआय, म्हणजे तुमच्या भाषेत ३५ पौंड आहे. आत हवेला जागा अगदी थोडी असते. मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर लावला तर काटा बघेपर्यंत मर्यादा ओलांडली जाते आणि सील फुटतं. ज्यावर दाब दिसतो असा छोटा हातपंप घ्या. नळी काढताना हवा निसटणार नाही असा जोड मिळाला तर उत्तमच, कारण इतक्या कमी जागेतून फुस्सकन गेलेली हवाही काटा बराच खाली आणते.

आता कारण सांगतो, कारण ते कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. तुमच्या शॉकअपमध्ये पोलादी स्प्रिंग आहेच, हवा ही तिची मदतनीस. म्हणून हलका माणूस एकटा असेल तर शून्य दाबही चालतो. पोलादी स्प्रिंग जितकी दाबाल तितक्याच प्रमाणात विरोध करते. हवेचं तसं नाही. जागा निम्मी झाली की तिचा एकूण दाब दुप्पट होतो, म्हणजे खोल खड्ड्यात ती झपाट्याने कडक होत जाते. ओझं पेलून तळाशी आपटू न देण्याचा गुण तिच्यात आहे तो यामुळे.

साध्या बुलेटवाल्यांनी इथे एक फरक लक्षात घ्यावा. नव्या क्लासिक ३५०च्या शॉकअपला प्रीलोडच्या सहा खाचा आहेत. पान्याने कडी फिरवली की गाडीची मागची उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा बदलत नाही. तुमच्याकडे हवा भरली की दोन्ही बदलतं. मात्र उसळी आवरण्याची शॉकअपमधल्या तेलाची ताकद आहे तेवढीच राहते. त्यामुळे एकटे असताना जास्त हवा ठेवलीत तर वडखळच्या पुढच्या तुटक्या रस्त्यावर मागचं चाक उसळ्या मारत राहील. पावसात ओल्या लाल मातीवर अशा चाकाची पकड सुटते, आणि मला सगळ्यात काळजी वाटते ती याचीच.

म्हणून हवा ओझ्यानुसार भरायची, रस्त्यानुसार नाही. गाडीच्या पुस्तिकेत चालवणाऱ्याचं, मागे बसणाऱ्याचं आणि सामानाचं वजन धरून दाबाचा तक्ता दिलेला आहे, त्यापासून सुरुवात करा. बॅगा काट्यावर एकदा तोलून घ्या, अंदाज नेहमी कमी निघतो. मग ओळखीच्या एकाच गतिरोधकावरून हळू जाऊन पाहा. अजून घासत असेल तर दोन-तीन पीएसआय वाढवा, उसळत असेल तर तेवढेच कमी करा.

दाब पहाटे, निघण्यापूर्वी मोजा. चालून शॉकअप तापतात. २० अंशांना भरलेले २० पीएसआय ५० अंशांना साधारण साडेतेवीस दाखवतील. ते पाहून दुपारी हवा सोडलीत, तर थंड झाल्यावर गाडी पुन्हा बसेल.

मागची बाजू बसली की पुढचा दिवा वर होतो. काशीदच्या अरुंद वळणांवर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. त्यामुळे रात्री निघणार असाल तर डबलसीट आणि सामानासह दिव्याचा झोत भिंतीवर टाकून पाहाच. आगरदांड्याहून फेरीने दिघीला जाणार असाल तर ओहोटीला बोटीत चढण्या-उतरण्याचा उतार तीव्र होतो. चढउताराच्या कडेला गाडीचं पोट टेकतं, आणि तिथे या हवेचा खरा उपयोग कळतो.

आता मित्राची पल्सर. तिच्या ‘नायट्रॉक्स’ शॉकअपला जोडलेल्या डबीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो. त्याचं काम मुख्यतः तेलाला फेस येऊ न देणं हे आहे, ओझं उचलणं नाही. ओझं स्प्रिंग उचलते आणि ती कडी फिरवूनच लावतात. त्यात हवा भरायला काही नाही, म्हणून तो भरत नाही.

शिवनेरीच्या व्होल्वो बसलाही हवेचे फुगे असतात. तिथे प्रवासी वाढले-घटले की व्हॉल्व्ह आपोआप हवा घेतो-सोडतो. तुमच्या गाडीत ते काम तुमचं. हार्लेने २०१७पासून टूरिंग गाड्यांवर हवेऐवजी हाताने फिरवायची कळ दिली, तरी तीही फिरवावी लागतेच.

शेवटी व्हॉल्व्ह. मुरुड-श्रीवर्धनच्या खाऱ्या वाऱ्यात त्याच्या आतली सुई गंजते. टोपी नेहमी लावून ठेवा, परतल्यावर गोड्या पाण्याने धुऊन पुसा. हवा सोडताना सुई एकदम दाबू नका, सावकाश सोडा. हवेबरोबर तेलाचे तुषार बाहेर येतात. जास्त तेल निघू लागलं, किंवा दोन-तीन दिवसांत दाब आपोआप उतरत असेल, तर सील तपासून घ्या.