‘सीटी नॉर्मल’ या शेऱ्याचा अर्थ

पक्षाघाताचा संशय आला की पहिली तपासणी बहुधा डोक्याच्या साध्या सीटी स्कॅनची होते. तिचा पहिला हेतू रक्तस्राव शोधणे हा असतो. मेंदूत सांडलेले ताजे रक्त लगेच पांढरे दिसते. गुठळीने रक्तपुरवठा तुटला असेल, तर मात्र पहिल्या काही तासांत सीटी बऱ्याचदा नॉर्मल येतो. जाणकार नजरेला तेव्हाही करड्या आणि पांढऱ्या भागांतली पुसट झालेली सीमा किंवा गुठळी अडकलेल्या रोहिणीची ठळक रेघ दिसू शकते. एमआरआयच्या डिफ्यूजन प्रतिमेत बाधित भाग बराच आधी उजळतो.

लहान मेंदू आणि मेंदूस्तंभ ही सीटीची सर्वांत कच्ची बाजू. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे तिथे पट्टे उमटतात आणि ताजा इन्फार्क्ट (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) त्यांत हरवतो. लक्षणेही फसवी: चक्कर, उलटी, तोल जाणे, हातपाय हलतात, बोलणे स्पष्ट असते. प्रस्तुत लेखकाच्या आईला कॅज्युअल्टीतून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, पित्ताची चक्कर’ म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवले गेले. आधाराशिवाय तिला उभेच राहता येत नव्हते. हे वारंवार सांगूनही कॉटवरून उतरवून चालवून पाहण्याची तसदी कुणी घेतली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे एमआरआय झाला. पडद्यावर लहान मेंदूचा डावा खालचा भाग पांढराशुभ्र होता. तो ओळखायला घरच्यांना डॉक्टर लागला नाही. पहिल्या रिपोर्टची शेवटची ओळ त्यानंतर वाचली गेली: ‘क्लिनिकल कोरिलेशन आवश्यक’. म्हणजे, पेशंटला बघा. तपासणीच्या चिठ्ठीवर ‘गिडिनेस’ एवढाच शब्द होता. ‘तेव्हा दिसत नव्हतं’ हा नंतरचा खुलासा खरा आहे. चालवून पाहिले असते तर दिसले असते, हेही तितकेच खरे.

अशा वेळी विचारायचे ते हे: ‘रक्तस्राव नाही, की स्ट्रोकच नाही?’ चिठ्ठीवर सगळी लक्षणे लिहून घ्यावीत. रुग्ण शेवटचा ठणठणीत कधी होता, ती वेळही लिहावी. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन सर्वसाधारणपणे ४.५ तासांच्या आत देतात. मोठ्या रोहिणीतली गुठळी निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत काढता येते, हे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी दाखवले. झोपेतून उठताना लक्षणे दिसली, तर डिफ्यूजन उजळ आणि फ्लेअर ही एमआरआयची दुसरी प्रतिमा स्वच्छ असणे हे झटका ताजा असल्याचे चिन्ह मानतात.

एमआरआयही चुकतो. मेंदूच्या मागच्या भागातल्या झटक्यात पहिल्या एक-दोन दिवसांत डिफ्यूजन स्वच्छ येऊ शकते. लक्षणे टिकली तर तपासणी पुन्हा करावी लागते. लहान मेंदूतल्या मोठ्या इन्फार्क्टला पुढच्या काही दिवसांत सूज येऊन मेंदूस्तंभ दाबला जाऊ शकतो, म्हणून असा रुग्ण देखरेखीखालीच हवा. जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्यावी. जुना डाग कोणता आणि नवा कोणता, हे तुलनेने ठरवणे सोपे जाते.