बांधापलीकडची जमीन

कोणत्याही जुन्या गावाचा शेतजमिनींचा नकाशा उलगडून पाहिला, तर तो ठिगळे जोडलेल्या गोधडीसारखा दिसतो. आजोबांची एकसंध जमीन वडील व चुलते यांच्यात वाटली गेली. पुढे ती त्यांच्या मुलांत वाटली गेली. प्रत्येकास काळ्या जमिनीतला एक व माळावरचा एक असा तुकडा मिळावा, ही वडीलधाऱ्यांची न्यायबुद्धी खरी. परंतु तिचा परिणाम असा झाला, की एकाच शेतकऱ्याचे तीन तुकडे तीन दिशांना पडले. मळा ओढ्याकाठी, तर एक पट्टी शेजाऱ्याच्या शेतामधोमध! तेथे औत न्यायचे, म्हणजे दुसऱ्याच्या उभ्या पिकातून वाट मागायची. बांधावरच्या कितीतरी भांडणांचे मूळ येथेच असते.

यावर एक उपाय पूर्वापार चालत आला आहे. ‘माझी पट्टी तू घे, तुझी मला दे.’ यालाच अदलाबदल म्हणतात. १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या ११८ व्या कलमात तिची व्याख्या आहे. एका वस्तूच्या मालकीच्या मोबदल्यात दुसऱ्या वस्तूची मालकी दोघांनी परस्परांस द्यावी, ती अदलाबदल. केवळ पैसे मोजून वस्तू घेतली, तर ती खरेदी होय. अदलाबदलीत प्रत्येकजण एकाच वेळी विकणाराही असतो आणि घेणाराही असतो. म्हणून दोघांचेही हक्क आणि दोघांचीही जबाबदारी प्रत्येकावर येते.

उपाय सोपा दिसतो. पण शेजाऱ्यापुढे तो मांडणे फार अवघड. ‘याला माझीच जमीन का हवी? तेथून रस्ता तर जाणार नाही ना?’ असा संशय ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम येतो. तो अगदी स्वाभाविक आहे. अशा वेळी गोड बोलण्यापेक्षा उघड बोलणे अधिक उपयोगी पडते.

एका गावातील गोष्ट सांगतो. दोन शेतकऱ्यांचे मळे एकमेकांस लागून होते. एक वयोवृद्ध, सारे गाव त्यांना तात्या म्हणे. दुसरा चाळिशीतला. त्या तरुणाची चोवीस गुंठ्यांची एक पट्टी तात्यांचे शेत व तात्यांची विहीर यांच्या मध्ये आडवी पडली होती. उलट तात्यांचा बावीस गुंठ्यांचा तुकडा तरुणाच्या गोठ्याला चिकटून होता. (तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे मिळून एक एकर होतो.)

एके संध्याकाळी तो तरुण तात्यांच्या ओसरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, “तात्या, गोठ्याजवळचा तुमचा तुकडा मला हवा आहे. जनावरे वाढली, गोठा पुरत नाही. त्याच्या बदल्यात विहिरीजवळची माझी पट्टी तुम्ही घ्यावी, असे मनात आहे.”

तात्या काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझे चोवीस गुंठे, माझे बावीस. दोन गुंठे तू उगाच कशाला सोडशील?”

“उगाच नाही, तात्या. तुमची जमीन काळी आहे, माझी मुरमाड. मीच फायद्यात राहीन, असे लोक म्हणतील. म्हणून तर तुम्ही सावकाश विचार करा. सुगी होऊ द्या.”

या दोन वाक्यांत त्या तरुणाने मोठे शहाणपण दाखविले, असे मला वाटते. आपल्या जमिनीचा उणेपणा त्याने स्वतःच आधी सांगितला. त्यामुळे तात्यांना तो शोधून काढावा लागला नाही. शिवाय त्याने उत्तराची घाई केली नाही.

आता येथे एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. जमिनीचे क्षेत्र साखळीने मोजता येते. तिचे मोल तसे मोजता येत नाही. तीच मुरमाड पट्टी बाजारात विकावयास काढली असती, तर तिला फारशी किंमत आली नसती. पण तात्यांना तीमधून विहिरीचे पाणी थेट शेतात नेता येणार होते. त्यांच्या दृष्टीने ती सोन्यासारखी होती. आणि तात्यांच्या काळ्या तुकड्याला गाडीवाट नव्हती. तेथील ज्वारीच्या पेंढ्या डोक्यावरून आणाव्या लागत. तो तुकडा तरुणाच्या मात्र दारातच होता. एकच वस्तू दोघांना सारख्याच मोलाची वाटत नाही, म्हणूनच अदलाबदलीत दोघांचाही लाभ होऊ शकतो. त्यांनी गावातील दोन जाणत्या माणसांना बरोबर घेऊन दोन्ही शेते पायी फिरून पाहिली, आणि बावीस गुंठ्यांस चोवीस गुंठे हा व्यवहार बरोबरीचा ठरविला.

मग कागद पाहण्यास आरंभ झाला. सातबाराच्या उताऱ्यात जमीन कोणाच्या नावे आहे, हे सातव्या नमुन्यात असते; कोणते पीक घेतले, हे बाराव्यात. सातव्या नमुन्यात ‘इतर हक्क’ असा एक रकाना असतो, तो अनेकजण वाचीतच नाहीत. तात्यांच्या तुकड्यावर त्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा बोजा निघाला. तात्यांनी कर्ज फेडून तो कमी करून घेतला. तरुणाच्या पट्टीवर बोजा नव्हता. पण वडिलांच्या पश्चात त्याच्याबरोबर त्याच्या बहिणीचेही नाव लागले होते. तिच्या सहीवाचून ती पट्टी तिच्या भावाला देता येत नव्हती.

बहीण सासरी होती. तिने निरोप पाठविला, “मला आधी विचारावयास हवे होते.” ती रागावली, यात नवल नाही. त्या पट्टीत तिच्या वडिलांनी लावलेला आंबा होता. भाऊ स्वतः जाऊन तिला घेऊन आला. तिने पट्टी पाहिली, तात्यांस नमस्कार केला आणि म्हणाली, “तात्या, माझी हरकत नाही. पण हे झाड पाडणार नाही, एवढे कागदावर लिहून द्या.”

तात्या म्हणाले, “पोरी, मी असेपर्यंत झाडाला कुऱ्हाड लागणार नाही. पण कागदावर मी लिहून देणार नाही. उद्या माझ्या नातवाला काय अडचण येईल, ते मला आज सांगता येत नाही. त्याचे हात मी कसे बांधू?”

हे उत्तर तिच्या मनासारखे नव्हते. परंतु पाळता येईल तेवढाच शब्द देणारा माणूस समोर आहे, हे तिने ओळखले. दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

असा दस्त दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावा लागतो. दोहोंपैकी ज्या जमिनीची किंमत अधिक, तिच्यावर मुद्रांकशुल्क पडते. हा खर्च चुकविण्यासाठी कित्येकांनी पूर्वी तोंडीच अदलाबदल केली. जमीन कसणारा एक आणि सातबारावर नाव दुसऱ्याचे, असे वर्षानुवर्षे चालले. आणि पुढच्या पिढीत भांडणे कोर्टात गेली. हे तंटे मिटावेत म्हणून महाराष्ट्र शासनाने २०२३ च्या जानेवारीत ‘सलोखा’ नावाची योजना काढली. किमान बारा वर्षे एकमेकांची जमीन कसणाऱ्या शेतकऱ्यांना मुद्रांकशुल्क १,००० रुपये व नोंदणी शुल्क १,००० रुपये एवढ्यातच अदलाबदलीचा दस्त करण्याची सवलत तिने दिली.

तात्या व तो तरुण यांनी मात्र पहिल्या दिवसापासून कागद चोख ठेवला. दस्त झाला तेव्हा वैशाख सरत आला होता. तलाठ्याने फेरफाराची नोंद धरली आणि हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस काढली. मृगाचा पहिला पाऊस त्या पंधरा दिवसांतच पडला. गावातली सारी शेते पेरून झाली. दोन्ही तुकडे मात्र नोंद मंजूर होईपर्यंत मोकळेच होते.