आजीचा श्वास आणि आर-सी सर्किट

नागपूरचा उन्हाळा आपल्याला नवा नाही. 23 मे 2013 रोजी इथे 47.9 अंश सेल्सिअसची नोंद झाली. आपण दुपट्टा गुंडाळतो, खिशात कांदा ठेवतो आणि कॉलेजला येतो. पण फुफ्फुसांचा जुना आजार असलेल्या म्हाताऱ्या माणसांचं काय?

माझ्या आजीने कधी विडीला हात लावला नाही, पण चाळीस वर्षं चुलीपुढे काढली. त्या धुराने तिला सीओपीडी झाला. गेल्या नवतपात ती म्हणाली, "हवा आत जाते बाबू, पण बाहेर नाही येत." मला वाटलं, काहीतरी बोलते आहे. संध्याकाळी तिला ऑक्सिजन लावावा लागला. डॉक्टर म्हणाले, "आजी अगदी बरोबर सांगत होत्या."

नंतर लक्षात आलं, हे तर आपल्याच सिलॅबसमधलं आहे! श्वासनलिका म्हणजे रेझिस्टन्स, फुफ्फुसांचा ताणलेपणा म्हणजे कपॅसिटन्स आणि दोघांचा गुणाकार म्हणजे टाइम कॉन्स्टंट. सीओपीडीत नळ्या अरुंद होतात, फुफ्फुसं सैल पडतात. म्हणजे दोन्ही वाढतात. समजा, टाइम कॉन्स्टंट 1 सेकंद आहे. मिनिटाला 15 श्वास असतील तर सोडायला साधारण 2.5 सेकंद मिळतात आणि सोडायच्या हवेपैकी 8 टक्के आत उरते. श्वास 30 झाले की मिळतात 1.2 सेकंद आणि उरते 30 टक्के! पुढचा श्वास त्याच्यावर चढतो. छाती फुगलेलीच राहते.

आता उन्हाचा संबंध बघा. हवा त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे 35 अंशांपेक्षा, जास्त तापली की शरीराला घामाचाच आधार. रक्त त्वचेकडे वळतं, हृदयावर ताण येतो, श्वास वाढतो. म्हातारपणी घाम कमी येतो, तहानही कमी लागते. पाणी कमी पडलं की कफ घट्ट होतो.

माझी चूक कूलरची होती. झळ नको म्हणून मी सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर 27-28 अंशांची हवा देतो; पण तिला बाहेर जायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साठतो आणि घाम वाळत नाही.

तेव्हा एवढं करा:
- कूलरसमोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. जुन्या गवतावर बुरशी धरते, ते दरवर्षी बदला.
- पाणी, ताक थोडं थोडं द्या. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा.
- इनहेलर उन्हात किंवा गाडीत ठेवू नका.
- बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसले किंवा गुंगी आली तर लगेच 108 ला फोन करा.

आणि घरचं म्हातारं माणूस "दम लागतो" म्हणालं, तर "उन्हाळा आहे, चालायचंच" असं म्हणू नका. मी म्हणालो होतो.