ताट बदलते, तेव्हा बाजारही बदलतो

मालाचा भाव व्यापाऱ्याला रोज कळतो. परंतु गिऱ्हाइकाचे ताट बदलत आहे, ही गोष्ट त्याला पुष्कळदा फार उशिरा कळते. भाव एका दिवसात वर-खाली होतो, खाण्याची सवय बदलायला मात्र दहा-वीस वर्षे लागतात. दुकानदार म्हणतो, ‘धंदा बसला.’ वास्तविक धंदा बसलेला नसतो, गिऱ्हाईक दुसऱ्या मालाकडे वळलेले असते. हा बदल का होतो आणि छोट्या व्यापाऱ्याने तो कसा ओळखावा, याचा आम्ही या लेखात विचार करणार आहोत.

जुने म्हणजे किती जुने?

आपले खाणे पूर्वापार असेच चालत आले आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. ती खरी नाही. मिरची, बटाटा, टोमॅटो आणि मका ही सर्व मूळची अमेरिका खंडातील पिके होत. पोर्तुगीज दर्यावर्दी येण्यापूर्वी या देशात मिरची नव्हती. तिखटासाठी काळी मिरी वापरली जाई. ‘पाव’ आणि ‘बटाटा’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून मराठीत आले. म्हणजे मुंबईच्या वडापावातील वडा आणि पाव दोघेही एके काळचे पाहुणेच! तेव्हा बदल ही नवी गोष्ट नव्हे. नवा आहे तो त्याचा वेग.

एंजलचा नियम

एर्न्स्ट एंजल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ साली एक नियम मांडला. कुटुंबाची मिळकत जसजशी वाढते, तसतसा एकूण खर्चातील खाण्याचा वाटा कमी होतो, असा तो नियम आहे. श्रीमंत माणूस कमी खातो, असा याचा अर्थ नाही. तो खाण्यावर अधिक पैसे खर्च करतो, पण इतर गोष्टींवर त्याहून अधिक खर्च करतो. शिवाय खाण्यातही धान्याचा भाग घटतो आणि दूध, फळे, अंडी, मांस व तयार पदार्थ यांचा भाग वाढतो.

आपल्या देशात नेमके हेच घडले. सरकारी पाहणीनुसार १९९३-९४ साली खेड्यातील माणूस महिन्याला सुमारे १३.४ किलो धान्य खात होता. २०२२-२३ साली हा आकडा सुमारे ९.६ किलोवर आला. शहरात तो १०.६ वरून सुमारे ८ किलोवर आला. १९९९-२००० साली ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातील सुमारे ५९ टक्के रक्कम खाण्यावर जात होती. २०२२-२३ मध्ये ती सुमारे ४६ टक्के झाली. याच पाहणीत पेये, फराळ व तयार पदार्थ यांवरील खर्च शहरात एकूण खर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक आणि खेड्यात साडेनऊ टक्क्यांच्या पुढे आढळला. फराळाचा पुडा आता केवळ शहरी चैनीची वस्तू राहिलेला नाही, हे यावरून स्पष्ट होते.

ज्वारी का मागे पडली?

महाराष्ट्राचे उदाहरण घेऊ. मराठवाडा, सोलापूर, विदर्भ, खानदेश या भागांत ज्वारी-बाजरीची भाकरी हेच मुख्य अन्न होते. गव्हाची पोळी सणावाराला किंवा पाहुणा आला तर होत असे. आज याच भागात पोळी रोजची झाली आहे. याची कारणे अनेक आहेत.

पहिले कारण सरकारी धोरण. १९६० च्या दशकातील हरितक्रांतीने गहू व तांदूळ यांचे उत्पादन वाढले. सरकारने तेच धान्य हमीभावाने विकत घेतले आणि रेशनवर तेच वाटले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली गहू २ रुपये आणि तांदूळ ३ रुपये किलोने मिळू लागला. जानेवारी २०२३ पासून तो मोफत झाला.

दुसरे कारण शेतीतले आहे. खरिपात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि जेथे पाणी आले तेथे ऊस आला. संकरित खरीप ज्वारीचे पीक भरपूर येई. पण काढणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडे आणि भाकरीला रब्बीच्या मालदांडीची चव येत नसे.

तिसरे कारण घरातले आहे. भाकरी थापणे हे कौशल्याचे काम आहे आणि ती गरम असतानाच चांगली लागते. पोळी डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. घरातील स्त्री नोकरीला जाऊ लागली आणि मुले डबा घेऊन शाळेत जाऊ लागली, तेव्हा पोळीची सोय मोठी ठरली.

चौथे कारण प्रतिष्ठेचे. भाकरी गरिबाची आणि पोळी खात्यापित्या घरची, ही समजूत फार खोल रुजली होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो लोकांनी नाइलाजाने खाल्ली आणि पाऊस पडताच टाकून दिली. गहूदेखील टंचाईच्या काळात परदेशातून आला होता, पण तो टिकला. कारण त्याच्यामागे नियमित पुरवठा, कमी भाव, सोय आणि मान या चारही गोष्टी होत्या. नुसत्या नाइलाजाने लागलेली सवय टिकत नाही, हा यातला धडा होय.

अंडी आणि तेल

१९५०-५१ साली देशात वर्षाला माणशी ५ अंडी उपलब्ध होती. २०२३-२४ मध्ये ती १०३ झाली. पुण्यात १९७१ साली सुरू झालेल्या वेंकटेश्वरा हॅचरीजसारख्या उद्योगांनी आणि १९८२ साली स्थापन झालेल्या अंडी समन्वय समितीच्या जाहिरातींनी हा बाजार उभा राहिला. पूर्वी अंगणात चार कोंबड्या पाळल्या जात. आज हा धंदा पिल्ले, खाद्य, औषध, वाहतूक व किरकोळ दुकान अशा अनेक हातांतून चालतो.

तेलाची गोष्ट याहून बोलकी आहे. महाराष्ट्रात शेंगदाणा आणि करडई ही घरची तेले. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली आणि हॉटेल, बेकरी व फरसाणवाले स्वस्त तेलाकडे वळले. आज देशातील निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून येते. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे बंद केली, तेव्हा आपल्याकडील भजीवाल्याचे गणितही बिघडले. सवय परदेशी मालावर उभी राहिली की भावाची दोरीही परदेशी हातात जाते.

चाक उलटेही फिरते

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण असल्याचा अंदाज आहे. त्याच साली संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष पाळले. डॉक्टरांच्या सल्ल्याने शहरातील सुखवस्तू माणूस पुन्हा भाकरी मागू लागला. ज्वारीचा पेरा घटलेला आणि मागणी वाढलेली, अशी स्थिती आहे. २०२४-२५ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता, तर त्यानंतरच्या रब्बी हंगामातील गव्हाचा २४२५ रुपये. गरिबाचे धान्य आज गव्हापेक्षा महाग आहे! ज्या मजुराची ती रोजची भाकरी होती, त्याला रेशनचा गहू मिळतो. पण ज्वारी विकत घेणे जड जाते. दुसरीकडे सोलापूरच्या महिला बचत गटांनी कडक भाकरी पाकिटात घालून शहरात पाठवली आणि त्यातून रोजगार उभा केला.

व्यापाऱ्याने काय करावे?

आमच्या वाचकांत बेकरीवाले, चिकन-मटणवाले, फळविक्रेते, खाणावळवाले आणि किराणा दुकानदार पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी चार सूचना करतो.

१) वर्षातून एकदा आपली वही काढून पाच वर्षांपूर्वीच्या विक्रीशी ताडून पाहा. कोणता माल हळूहळू घटतो आहे, हे रोजच्या गल्ल्यावरून कळत नाही, वहीवरून कळते.

२) गिऱ्हाइकाचा वेळ वाचवणारा माल ठेवा. निवडलेले धान्य, ताजे दळलेले पीठ, स्वच्छ कापलेले चिकन यांना लोक चार पैसे जास्त देतात.

३) नव्या मालात एकदम सगळे भांडवल घालू नका. बेकरीवाल्याने मैद्याचा पाव बंद करू नये; त्याच भट्टीत आठवड्यातून दोन दिवस ज्वारीची किंवा गव्हाच्या पिठाची बिस्किटे करून पाहावीत.

४) मैद्यात रंग मिसळून तो ‘आट्याचा पाव’ म्हणून विकू नका. जो आजारासाठी खाणे बदलतो, तो विश्वासावर माल घेतो. त्याला फसवणे म्हणजे त्याच्या प्रकृतीशी खेळणे होय आणि असे गिऱ्हाईक एकदा गेले की परत येत नाही.

मोठ्या कंपन्यांकडे बाजार पाहणीसाठी पगारी माणसे असतात. छोट्या दुकानदाराकडे ती नाहीत. पण गिऱ्हाईक रोज त्याच्याशी दोन शब्द बोलते. घरात काय शिजते आणि मुले काय मागतात, एवढे त्याने लक्ष देऊन ऐकले, तरी पुढच्या दहा वर्षांचा बाजार त्याला आजच दिसू लागेल.