पटातली जोडी, शर्यतीतला घोडा : जिंकणारा आधी ओळखता येतो का?

प्रश्न : सुगी आटोपली की आमच्या भागात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतात. माझे मामा जोडी जुंपली जात असतानाच सांगतात, "आज हीच येणार." पुष्कळदा तसंच होतं. मुंबई-पुण्याच्या घोड्यांच्या शर्यतींचेही असेच अंदाज आदल्या दिवशी छापून येतात. हे ज्ञान आहे की नशीब? आणि ज्ञान असेल, तर अंदाज सांगणारी माणसं श्रीमंत का होत नाहीत?
— एक वाचक, वरवट बकाल, ता. संग्रामपूर, जि. बुलढाणा

उत्तर : तुमच्या मामांकडे आहे ते ज्ञानच आहे. हा वाद आपल्याकडे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 12 जानेवारी 1996 रोजी डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तामिळनाडू सरकार या खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की घोड्यांची शर्यत हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं कूळ, त्याची तयारी, स्वाराची हातोटी यांचा अभ्यास करता येतो आणि निकाल बऱ्याच अंशी त्यांवर ठरतो, असा त्यामागचा विचार. पण तुमच्या पत्रात दोन प्रश्न आहेत. कोण जिंकेल हे ओळखणं ही एक विद्या आणि त्यातून पैसा काढणं ही निराळीच गोष्ट. आधी पहिलीकडे वळू.

मुंबईत महालक्ष्मीचं मैदान 1883 पासून आहे. हिवाळ्यात शर्यती तिथे होतात आणि पावसाळ्यात पुण्याला. अंदाज लिहिणारा माणूस शर्यतीचा तक्ता हातात आला की आधी वजनं बघतो. नवख्याला याचंच नवल वाटतं. रोजच्या बहुतेक शर्यतींत सगळे घोडे सारखं वजन घेऊन पळत नाहीत. प्रत्येक घोड्याला त्याच्या आधीच्या कामगिरीवरून गुण दिलेले असतात. जास्त गुणांच्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन चढतं, एका गुणाला अर्धा किलो या हिशेबाने. स्वार, खोगीर आणि कमी पडलं तर शिशाचे तुकडे मिळून ते भरतात. सगळे एकदम शेवटच्या खांबाशी यावेत, हा वजन ठरवणाऱ्याचा उद्देश. म्हणून मागची शर्यत दिमाखात जिंकलेला घोडा पाहून लोक धावतात, तेव्हा जाणता माणूस थबकतो. त्या विजयामुळे घोड्याचे आठ गुण वाढले असतील, तर या वेळी त्याच्या पाठीवर चार किलो जादा आहेत. उलट मागच्या वेळी पाचवा आलेला, वाटेत कोंडी झाल्यामुळे अडकलेला आणि आता गुण कमी झालेला घोडा त्याच्या नजरेत भरतो. खरा अंदाजकार शोधतो तो घोडा असा, की ज्याची कुवत त्याच्या गुणांपेक्षा जास्त आहे, पण हे अजून सगळ्यांच्या ध्यानात आलेलं नाही.

मग येतो पहाटेचा सराव. उजाडताना घोडे मैदानावर पळवले जातात आणि कडेला घड्याळं घेऊन माणसं उभी असतात. दुसऱ्या दिवशी छापून येतं : अमुक घोडा, 600 मीटर, 38 सेकंद, सहज. या ओळीतला आकडा सगळे वाचतात. तिचा जीव मात्र शेवटच्या शब्दात आहे. स्वार खोगिरावर निवांत, लगाम आवळून धरलेला आणि घोडा स्वतःहून पुढे ओढतोय, अशा स्थितीतले 38 सेकंद निराळे. स्वाराने हात चालवून, दामटून काढलेले 38 सेकंद निराळे. पाठीवर सरावाचा हलका पोरगा होता की शर्यतीचा स्वार, घोडा मैदानाच्या आतल्या कडेने पळाला की बाहेरून वळसा घेऊन, हेही पाहायचं असतं. शर्यतीत एका घोड्याची लांबी म्हणजे साधारण अडीच मीटर, आणि ती कापायला सेकंदाचा जेमतेम सहावा-सातवा भाग लागतो. तीन लांबीने जिंकला असं म्हणतो तेव्हा आपण अर्ध्या सेकंदाबद्दल बोलत असतो. एवढ्याशा फरकात सगळा खेळ चालतो.

जमिनीचंही तसंच आहे. शर्यतीच्या दिवशी वजनदार सळई ठरावीक उंचीवरून मैदानात सोडतात आणि ती किती रुतली ते मोजतात. पुण्याच्या पावसाळी, भुसभुशीत मैदानावर चमकणारा घोडा मुंबईच्या कोरड्या जमिनीवर दम तोडू शकतो. शेवटची तपासणी डोळ्यांची. शर्यतीआधी घोडे गोल फिरवतात तेव्हा कातडीवर तकाकी आहे का, मागच्या पायांच्या मध्ये घामाचा फेस आलाय का, पाऊल मोकळं पडतंय का, हे जुनेजाणते बघतात. थंड दिवशी फिरतानाच घामाघूम झालेल्या घोड्याने आपली ताकद तिथेच खर्च केलेली असते. तुमचे मामा जोडी जुंपताना जे बघतात ते हेच.

एवढं सगळं करून यश किती? जगभरच्या अनुभवातून एक ढोबळ आकडा हाती लागतो : लोकांची सर्वाधिक पसंती असलेला घोडा साधारण तीन शर्यतींत एकदा जिंकतो. म्हणजे हजारो जाणत्यांचं एकत्रित मतही तीनपैकी दोनदा चुकतं. मला यात ज्ञानाचा पराभव दिसत नाही. आठ-दहा घोड्यांतून डोळे मिटून एक उचलला, तर तो आठ-दहा वेळांत एकदा येईल. तिथून तिनात एकवर येणं ही मोठी मजल आहे. उरलेलं घडतं ते कुणाच्याच हातात नसतं. इंग्लंडच्या ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीत 1967 साली तेविसाव्या कुंपणाशी एक मोकाट घोडा आडवा आला आणि पुढच्या घोड्यांची एकच गर्दी उडाली. फॉयनेव्हन नावाचा घोडा इतका मागे होता की त्याला वाट काढायला वेळ मिळाला. एकास शंभर भाव असलेला तो घोडा जिंकला. असला अंदाज कुणीही करू शकला नसता, आणि केला असता तर तो अंदाज म्हणून चुकीचाच ठरला असता.

आता श्रीमंतीचं. जिंकणारा ओळखला की पैसा मिळतो, हा समज मुळात खोटा आहे. पैसा मिळतो तो भाव चुकला असेल तर. कागदावर मांडून बघा. पाच घोड्यांची शर्यत आहे. शंभर रुपये लावले तर पहिल्यावर दीडशे, दुसऱ्यावर तीनशे, तिसऱ्यावर चारशे, चौथ्यावर पाचशे आणि पाचव्यावर आठशे नफा, असे भाव धरू. शंभराला दीडशे याचा अर्थ त्या घोड्याची शक्यता चाळीस टक्के धरली आहे. दुसऱ्याची 25, तिसऱ्याची 20, चौथ्याची साधारण 17 आणि पाचव्याची 11. बेरीज करा : 113. शक्यतांची बेरीज तर शंभरच असायला हवी. वरचे तेरा भाव देणाऱ्याच्या खिशात जातात. तुमची निवड सरासरीइतकी चांगली असली तरी तुम्ही तोट्यात. त्यावर कर आहेच. 22 सप्टेंबर 2025 पासून शर्यतीच्या पैजांवर 40 टक्के जीएसटी आहे, आणि तो नफ्यावर बसत नाही, लावलेल्या रकमेवर बसतो. जिंका वा हरा, तो जातोच.

या खेळात शिस्तीने पैसा काढणारी माणसं झालीच नाहीत असं नाही. बिल बेंटर हा अमेरिकन माणूस 1980 च्या दशकात हाँगकाँगला गेला आणि संगणकावर घोड्यांची माहिती भरून शक्यता काढू लागला. 1994 मध्ये त्याने आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यात मला सर्वांत मोलाची वाटली ती एक कबुली. नुसत्या आपल्या गणितापेक्षा त्यात लोकांनी ठरवलेला भाव मिसळला, तेव्हा अंदाज सुधारला. गर्दीला असं काही माहीत होतं जे त्याच्या संगणकात नव्हतं. म्हणजे ज्या जमावाला हरवायला तो निघाला होता, त्याचंच मत त्याला हाताशी घ्यावं लागलं. एवढी यंत्रणा, वर्षानुवर्षांच्या नोंदी आणि पदरचं भांडवल असलेल्या माणसाची ही गत. अंदाजांचं चार पानांचं पत्रक विकत घेऊन शनिवारी पैसे लावणाऱ्याने काय समजायचं ते समजावं. खात्रीची टीप देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा : तुमचे गेल्या वर्षीचे सगळे अंदाज, चुकलेलेसुद्धा, लिहिलेले आहेत का? तिथे बोलणं थांबतं.

आणि इथूनच मला तुमच्या पटाकडे यायचं आहे, कारण माझा जीव त्यातच अडकला आहे.

जोडी ओळखणं मला घोडा ओळखण्यापेक्षा अवघड वाटतं. घोडा एकटा पळतो. इथे दोन जीव एका जुवाला आहेत. एक बैल वाऱ्यासारखा आणि दुसरा अर्धं पाऊल मागे, तर जू तिरकं होतं, छकडं एका बाजूला खेचलं जातं आणि वेळ जातो. सदा उजवीकडे चाललेला बैल डावीकडे जुंपला की बिचकतो. छकडं हाकणाऱ्या धुरकऱ्याचा आवाज ओळखीचा आहे का, यावर सुटण्याचा पहिला क्षण ठरतो. दुपारपर्यंत शंभर जोड्या पळून काळी माती भुगा झालेली असते, तेव्हा सकाळची जोडी आणि चारची जोडी एकाच जमिनीवर पळाल्या असं म्हणता येत नाही. मामा हे सगळं एका नजरेत तोलतात. वर्ध्याकडचा गवळाऊ आणि पश्चिम महाराष्ट्रातला खिल्लार, दोघांची चाल त्यांना दुरून कळत असणार.

पण घोड्याच्या जाणकाराकडे जे आहे ते मामांकडे नाही, आणि त्यात दोष मामांचा नाही. शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ इंग्लंडमध्ये 1791 पासून छापली जाते. आपल्याकडच्या घोड्यांची नोंद पुण्याच्या स्टड बुक कार्यालयात असते. आज पळणाऱ्या घोड्याची आई, आजी, पणजी, त्याची प्रत्येक शर्यत, वजन, वेळ, क्रमांक, सारं लिहिलेलं आहे. आपल्या पटात सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ आलं. वेळ लाउडस्पीकरवरून पुकारली जाते, लोक टाळ्या वाजवतात, बक्षीस वाटलं जातं आणि तो आकडा तिथेच विरून जातो. पुढच्या गावच्या पटात तीच जोडी आली तर मागची वेळ कुणाच्या तरी आठवणीत असते.

त्यात मध्ये मोठा खंड पडला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. 2017 मध्ये राज्याने कायदा बदलला, तरी शर्यतींना वाट मोकळी झाली ती 16 डिसेंबर 2021 च्या आदेशाने, आणि घटनापीठाने 18 मे 2023 रोजी तो कायदा कायम ठेवला. साडेसात वर्षांत पटाच्या बैलांची जवळजवळ एक पिढी सरली. कोणत्या जोडीची किती वेळ होती, कोणत्या गोऱ्ह्याचा बाप कोण, हे तोंडी ज्ञान तेवढं क्षीण झालं.

आता तुम्ही विचाराल : मग मामांच्या अंदाजावर पैसे लावावेत का?

नाही. राज्याच्या 1912 च्या कायद्याखाली परवाना मिळालेल्या शर्यतीच्या मैदानावर घोड्यांवरची पैज कायद्यात बसते. पटावरची पैज हा सरळसरळ जुगार आहे आणि गुन्हा आहे. शिवाय पैसा आला की बैलाच्या शेपटीला पीळ बसतो, काठी चालते. आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पल्ला हजार मीटरच्या आत ठेवावा लागतो, चाबूक-काठी चालत नाही. फार लढून मिळालेली ही मोकळीक पैजेपायी पुन्हा जायला नको.

मामांच्या अंदाजाचं मोल करायचं असेल तर दुसरा मार्ग आहे. एक वही घ्या. पट सुरू होण्याआधी मामांनी सांगितलेल्या पहिल्या तीन जोड्या लिहा, आणि त्यांनी तसं का म्हटलं तेही एका ओळीत. मग निकाल लिहा : वेळ, धुरकरी, पळण्याचा क्रम, जमीन ओली की कोरडी, कोणता बैल कोणत्या बाजूला. जिथे अंदाज चुकला ते पान फाडू नका. एका हंगामात कळेल की मामा कशात पक्के आहेत आणि कुठे फसतात. लिहिलेला अंदाजच तपासता येतो, आणि तपासलेलाच पुढच्या पिढीला शिकवता येतो.

पट भरवणाऱ्या मंडळांनाही माझी हीच विनंती आहे. घड्याळ तुमच्याकडे आहे, पुकारणारा माणूस आहे; त्याच्या शेजारी लिहिणारा एक जण बसवा आणि सगळ्या जोड्यांच्या वेळा दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. वरवट बकालच्या वाचकाने या हंगामाची वही आमच्याकडे पाठवावी. ती आम्ही याच सदरात छापू, चुकलेल्या अंदाजांसह.