फाटकावरच्या खुणा वाचा

एके संध्याकाळी वर्गात आम्ही फळ्यावर एक चित्र काढले. तीन कोनांची पाटी. तिची किनार लाल. मधे धुराड्याचे एक इंजिन.

"हे काय आहे?" आम्ही विचारले.

"आगगाडी!" सगळे म्हणाले.

"ही पाटी कुठे पाहिली?"

मागच्या रांगेतले एक बाबा बोलले. त्यांचे वय सत्तरीच्या पुढचे. ते म्हणाले, "रुळाजवळ बघितली हाय, गुरुजी. पण तसलं इंजिन आता कुठं हाय? पाटी जुनी झाली. आम्ही तिकडं बघतच न्हाई."

बाबांचे निम्मे म्हणणे खरे आहे. धुराचे इंजिन गेले. पण धोका गेला नाही. तो कसा राहिला, आणि कोणत्या खुणांनी ओळखायचा, ते आपण या धड्यात पाहू.

आपली जुनी गाडी

नांदेडला आगगाडी आली ती १९०० सालाच्या सुमारास. तेव्हा आपल्याकडे निजामाचे राज्य होते. मनमाडहून सिकंदराबादला जाणारा तो मार्ग. त्याच्या दोन रुळांत एक मीटरचे अंतर होते.

लातूरची गाडी याहूनही लहान. बार्शी लाइट रेल्वे तिचे नाव. ती आधी कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. ते साल १८९७. पुढे १९११ साली ती लातूरला पोचली. तिच्या दोन रुळांत अंतर अवघे अडीच फूट. डबे लहान, इंजिन लहान, चालही बेताची.

तेव्हाची गाडी लांबूनच कळायची. आधी धूर दिसायचा. मग धडधड ऐकू यायची. मग शिट्टी व्हायची. तोवर माणूस बैल हाकून पलीकडे जायचा.

आता नांदेड आणि लातूरचे सगळे मार्ग मोठ्या रुळांचे झाले आहेत. दोन रुळांत साडेपाच फुटांचे अंतर. लातूर ते कुर्डुवाडी हे काम २००८ साली पुरे झाले. परभणी ते मुदखेड मार्ग तर आता दुहेरी आहे. अनेक मार्गांवर विजेच्या तारा आल्या आहेत. विजेच्या इंजिनाला धूर नसतो. त्याचा आवाजही कमी. वारा उलटा असला, तर गाडी जवळ येईपर्यंत कळत नाही.

म्हणजे गाडी बदलली. आपली सवय मात्र जुनीच राहिली. आपण अजून धुराची आणि धडधडीची वाट पाहतो. धोका आहे तो इथेच.

गाडी चटकन का थांबत नाही?

२०१६ साली लातूरला पाण्याचा फार मोठा दुष्काळ पडला. तेव्हा मिरजेहून आगगाडीने पाणी आणले. तुम्हांपैकी कित्येकांनी ती गाडी पाहिली असेल. पुढे पुढे त्या गाडीला ५० टाक्या जोडत. एका खेपेला सुमारे २५ लाख लिटर पाणी येई.

आता हिशेब करा. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. २५ लाख लिटरचे वजन २५ लाख किलो. म्हणजे २५ हजार क्विंटल! हे झाले नुसत्या पाण्याचे वजन. टाक्यांचे आणि इंजिनाचे वजन वेगळेच.

भरलेली बैलगाडी उतारावर लागली, तर कासरा ओढून ती लगेच थांबते का? नाही थांबत. मग एवढे वजन घेऊन धावणारी गाडी कशी थांबेल? ड्रायव्हरने ब्रेक लावला, तरी वेगातली गाडी कित्येकदा एक किलोमीटरपर्यंत पुढे जाते. तिला बाजूला वळता येत नाही. बाजूला व्हायचे ते आपणच.

रस्त्याकडेच्या पाट्या

फाटक येण्याआधी रस्त्याच्या कडेला पाटी असते. तीन कोनांची, लाल किनारीची. तिच्यात दोनपैकी एक चित्र असते.

फाटकाचे चित्र असेल, तर पुढे राखणीचे फाटक आहे. तिथे गेटमन असतो.

इंजिनाचे चित्र असेल, तर पुढे बिनराखणीचा रूळ आहे. तिथे गेटमन नाही. आपली राखण आपणच करायची. मोटारीच्या कायद्यात यासाठी नियम आहे. अशा ठिकाणी चालकाने गाडी थांबवायची. गाडीतल्या माणसाने उतरून रुळापर्यंत चालत जायचे. दोन्हीकडे पाहायचे. दुसरा माणूस नसेल, तर चालकाने स्वतः उतरायचे.

पाटीवर लाल पट्टेही असतात. दोन पट्टे म्हणजे रूळ सुमारे २०० मीटरवर आहे. एक पट्टा म्हणजे रूळ अगदी जवळ आला, ५० ते १०० मीटरवर. दोन पट्टे दिसले की वेग कमी करा. एक पट्टा दिसला की थांबायची तयारी ठेवा.

मोठ्या रुळांवरची बिनराखणीची फाटके रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली. कुठे गेटमन नेमला. कुठे खालून बोगदा केला. म्हणून इंजिनाची पाटी आता आपल्या भागात सहसा दिसायची नाही. तरी कुठे जुनी पाटी उरलेली दिसली, तर तिला हसू नका. तिच्यावरचे इंजिन जुने आहे. तिचे सांगणे जुने नाही.

सी/फा म्हणजे काय?

रुळाच्या कडेला आणखी एक पिवळी पाटी असते. तिच्यावर काळी अक्षरे असतात: सी/फा. ही अक्षरे आता तुम्हांला वाचता येतात. पण त्यांचा अर्थ काय?

सी म्हणजे सीटी. हा हिंदी शब्द. आपण शिट्टी म्हणतो. फा म्हणजे फाटक. ही पाटी ड्रायव्हरसाठी आहे. ती त्याला सांगते, "पुढे फाटक आहे. शिट्टी वाजव."

ही पाटी फाटकापासून साधारण ६०० मीटरवर असते. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने आली, तर ६०० मीटर जायला तिला किती वेळ लागतो? अवघे २१ सेकंद! शिट्टी ऐकू आली, की २१ आकडे मोजेपर्यंत गाडी फाटकात आलीच.

आम्ही वर्गात हे सांगितले. काहींना ते पटेना. मग दुसऱ्या दिवशी आम्ही गावातल्या रस्त्यावर वीस पावलांवर दोन खुणा केल्या. ऊस भरलेली बैलगाडी एका खुणेपाशी उभी केली. बैल हाकले. बायामाणसांनी मोठ्याने आकडे मोजले. एकवीस म्हणून झाले. गाडीची मागची बाजू अजून खुणेच्या अलीकडेच होती. सगळे गप्प झाले.

म्हणून शिट्टी ऐकून निघू नका. शिट्टी ऐकून थांबा.

गाडीचा हिरवा, आपला लाल

पूर्वी स्टेशनाजवळ उंच खांब असत. त्यांना लाल हात असे. हात आडवा असला, की गाडीने थांबायचे. हात खाली झुकला, की गाडीने यायचे. त्यावरून आपण अजून म्हणतो, "सिग्नल पडला, गाडी येतीया." आता बहुतेक ठिकाणी हात जाऊन दिवे आले आहेत.

फाटकाजवळच्या सिग्नलावर कधी पिवळी गोल चकती दिसते. तिच्यावर इंग्रजी जी हे अक्षर असते. तो फाटकाचा सिग्नल. अशा ठिकाणी फाटक बंद होऊन त्याला कुलूप बसले, तरच तो हिरवा होतो. फाटक उघडे राहिले, तर तो हिरवा होत नाही. मग गाडी बाहेर खोळंबते. आपण फाटकात घुसून ट्रॅक्टर आडवा घातला, तर शेकडो माणसे अडकून पडतात.

इथे एक चूक फार होते. रुळाकडचा दिवा हिरवा दिसतो. गेटमनच्या हातात हिरवे निशाण दिसते. आपल्याला वाटते, वाट मोकळी झाली. पण ते हिरवे आपल्यासाठी नाही. ते गाडीसाठी आहे. एक वाक्य पाठ करा: गाडीचा हिरवा, आपला लाल.

काही फाटकांवर रस्त्याकडे तोंड केलेला लाल दिवा असतो. भोंगाही असतो. ते आपल्यासाठी आहेत. दिवा लागला, भोंगा वाजला, की जागीच थांबायचे. दांडी खाली येत असताना मधून निसटायचे नाही.

एक गाडी गेली, दुसरी?

दुहेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोरून येतात. एक गाडी जाते. आपण घाईने दांडीखालून वाकून निघतो. पहिल्या गाडीच्या आड दुसरी दिसत नाही. फाटक उघडले नाही याचा अर्थच असा, की अजून काहीतरी यायचे आहे. गेटमन काही हौसेने फाटक धरून बसत नाही. स्टेशनातून त्याला फोनवर निरोप मिळतो. त्याप्रमाणे तो चालतो.

बंद फाटक आपण होऊन उघडणे हा गुन्हा आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याप्रमाणे त्याला ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फाटक तोडणाऱ्याला ५ वर्षांपर्यंत. गेटमनशी भांडून फाटक उघडायला लावू नका. तो तुमचा वेळ खात नाही. तुमचा जीव राखतो.

न विसरायची गोष्ट

२४ जुलै २०१४ ची सकाळ. नांदेडहून सिकंदराबादला पॅसेंजर गाडी निघाली होती. तेलंगणात मेदक जिल्ह्यात मासाईपेट गाव आहे. तिथे बिनराखणीचा रूळ होता. त्यावर शाळेची बस आली. गाडीने बसला धडक दिली. दहाहून अधिक लेकरे गेली. बसचा चालकही गेला.

ती गाडी आपली होती. आपल्या भागातली माणसे तिच्यात बसली होती. शाळेला निघालेली लेकरे घरी परतली नाहीत. त्या बसने थांबून, कोणी उतरून दोन्हीकडे पाहिले असते, तर किती वेळ गेला असता? दोन मिनिटे.

त्याआधी ३ फेब्रुवारी २००५ रोजी नागपूरजवळ कन्हानला असेच घडले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लग्नाचे वऱ्हाड होते. बिनराखणीच्या रुळावर गाडीने ट्रॉलीला उडवले. पन्नासाहून अधिक माणसे गेली. लग्नघरात रडारड झाली.

आपल्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॉल्या चालतात. लग्नसराईत वऱ्हाड चालते. जत्रेला बैलगाड्या निघतात. म्हणून हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे.

रुळावर गाडी अडकली तर

कधी ट्रॅक्टर रुळातच बंद पडतो. कधी बैलगाडीचे चाक रुतते. अशा वेळी काय करावे?

१. आधी माणसे उतरवा. लेकरे, म्हातारी माणसे आधी. बैल सोडा. मालाचा विचार नंतर.

२. गेटमनला लगेच सांगा. तो स्टेशनात फोन करील. सिग्नल लाल ठेवतील. गेटमनजवळ रुळावर ठेवायचे फटाके असतात. त्यांवरून चाक गेले, की मोठा आवाज होतो. ड्रायव्हरला धोका कळतो.

३. गाडी येण्याच्या बाजूने, रुळाच्या कडेकडेने पळत पुढे जा. लाल कापड हलवा. कापड नसेल तर दोन्ही हात डोक्यावर उंच धरा. ही थांबण्याची खूण ड्रायव्हरला कळते. रात्री लाल दिवा दाखवा. तो नसेल तर साधी बत्ती जोरजोराने आडवी हलवा.

४. रेल्वेचा मदतीचा फोन १३९ आहे. हा आकडा पाठ करा.

जिथे वर विजेच्या तारा आहेत, तिथे आणखी जपा. त्या तारांत २५ हजार व्होल्टची वीज असते. फाटकाच्या दोन्ही बाजूंना उंच आडवी कमान असते. कडब्याची किंवा कापसाची गाडी त्या कमानीला लागत असेल, तर पुढे नेऊ नका. भार कमी करा. गाडीच्या शेंड्यावर कोणाला बसवू नका. लांब बांबू किंवा लोखंडी पाइप उभा धरू नका.

बाबांचे शब्द

धडा संपल्यावर आम्ही सगळे मिळून फाटकावर गेलो. फाटक बंद होते. बाबा आमच्या पुढे होते. सवयीने ते दांडीपाशी वाकले. मग थांबले. सरळ उभे राहिले. रुळाच्या कडेला लांब पिवळी पाटी होती. तिकडे त्यांनी बोट केले.

"नीट दिसत न्हाई," ते म्हणाले, "पण तिच्यावर सी/फा असणार. बरुबर का?"

"बरोबर, बाबा."

तेवढ्यात शिट्टी झाली. बाबांनी मोजायला सुरुवात केली. एक, दोन, तीन... अठरावर गाडी समोरून गेली. वाऱ्याने त्यांचा पटका हलला. ते म्हणाले, "सारा जन्म हितून वाकून गेलो. कधी मोजलं न्हाई."

आपण वाचायला शिकलो ते पोथीसाठी, पत्रासाठी, सातबारासाठी. ते बरेच झाले. पण रस्त्याच्या पाटीवरची दोन अक्षरेही वाचायचीच असतात. ती वाचणारा माणूस संध्याकाळी घरी पोचतो.

आठवून सांगा

१. लातूरला आगगाडी कोणत्या साली आली?
२. सी/फा या अक्षरांचा अर्थ काय?
३. पाटीवर दोन पट्टे असले, तर काय समजायचे?
४. गेटमनचे हिरवे निशाण कोणासाठी असते?
५. ट्रॅक्टर रुळात बंद पडला, तर सर्वांत आधी काय कराल?

करून पाहा

तुमच्या गावाजवळ फाटक असेल, तर तिथे जा. रस्त्यावर उभे राहूनच किती पाट्या दिसतात, ते मोजा. त्यांवरची अक्षरे वहीत लिहा. शिट्टी झाल्यापासून गाडी येईपर्यंत आकडे मोजा. घरी येऊन तो आकडा लेकरांना सांगा.